गाडी कुणाची धरायची?

सातारा-सांगलीतल्या ड्रायव्हर मित्रांनो, नुसता पगाराचा आकडा ऐकून कंपनी धरू नका. आधी हे विचारा.

🚛 माल कोणता? उसाची वाहतूक गाळप हंगामापुरतीच. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, एमआयडीसीचा माल उचलणाऱ्याकडे हंगामाबाहेरही काम मिळू शकतं.

🚛 पगार महिन्याचा की खेपेवर? परतीच्या भाड्यासाठी गाडी उभी राहिली, तर त्या दिवसांचा भत्ता मिळतो का?

🚛 डिझेलचं अ‍ॅव्हरेज कसं धरतात? लोड गाडी खंबाटकी घाट चढते, तेव्हा सपाटीचा हिशेब चालत नाही.

🚛 ओव्हरलोड भरतात का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार दंड 20,000 रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनाला 2,000. तो कुणाच्या माथी, हे आधीच ठरवा.

🚛 गाडी किती जुनी? 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांपुढच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे.

🚛 पीएफ आणि विमा आहे का? कागद बघा, तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि हो म्हणण्याआधी, त्याच कंपनीत जुन्या झालेल्या ड्रायव्हरला गाठून पगार वेळेवर होतो का, एवढं नक्की विचारा.