सोळाव्या वर्षाचा प्रश्न

‘बालक’ कोणास म्हणावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारकुनी वाटतो. शाळेच्या दाखल्यांवर जन्मतारखा लिहिण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माझ्यासारख्यास तर विशेषच. परंतु युद्धभूमीवर मुलाचें रक्षण पुष्कळदां त्या एका आंकड्यावरच अवलंबून असतें.

पहिल्या महायुद्धानंतर उपाशी मुलांसाठीं झटणाऱ्या एग्लंटाईन जेब या इंग्रज विदुषीनें बालहक्कांचा पांच कलमांचा जाहीरनामा तयार केला. तो राष्ट्रसंघानें १९२४ सालीं मान्य केला. संकटसमयीं साहाय्य प्रथम बालकास मिळावें, असें त्यांत आहे. बालकाच्या हातीं शस्त्र देणाऱ्याविषयीं मात्र त्यांत अवाक्षर नाहीं. ती मर्यादा १९७७ च्या जिनीव्हा पुरवणी-करारांत आली: पंधरा वर्षें. पुढें १९८९ च्या बालहक्क संहितेनें अठरा वर्षांखालील तें बालक अशी व्याख्या केली. आणि युद्धाच्या कलमाशीं येतांच ती पुनः पंधरावर उतरली! सन २००० च्या जोड-करारानें प्रत्यक्ष लढाईसाठीं अठराची अट घातली खरी. पण सरकारी सैन्यांत सोळाव्या वर्षीं स्वेच्छेनें भरती होण्यास वाट ठेविलीच.

‘स्वेच्छेनें’ हा शब्द मोठा फसवा आहे. काँगो देशांतील इतुरी मुलखांत २००२-०३ सालीं थॉमस लुबांगा या पुढाऱ्याच्या सैन्यांत पंधराहून लहान मुलें होतीं. कांहीं तर त्याच्या अंगरक्षकांतच. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें २०१२ सालीं त्यास दोषी ठरवून चौदा वर्षांची शिक्षा दिली. त्या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल. मुलांचीं वयें ठरवितांना न्यायाधीशांस फार सावध राहावें लागलें. चित्रफितींत जीं उघडच लहान दिसत, त्यांवर त्यांनीं भर दिला. मूल आपण होऊन आलें, ही सबब त्यांनीं साफ नाकारली. अजाण मुलाच्या संमतीस संमति म्हणत नाहींत.

आपल्या घरोघरीं अभिमन्यूची कथा अभिमानानें सांगतात. तो उत्साहानें व्यूहांत शिरला, हें खरें. पण बाहेर पडण्याची विद्या त्यास अवगत नाहीं हें ठाऊक असून त्यास धाडलें तें धर्मराजानें, आणि एवढें सांगतांना सांगणाराचा स्वर किंचित् खालीं येतो.

अभिमन्यूचें वय सोळा. हेगच्या न्यायालयाचा कायदा आजहि पंधरावरच थांबलेला आहे. लुबांगाच्या सैन्यांतील मुलें सोळा वर्षांचीं असतीं, तर त्यांना भरती केल्याचा आरोप त्याच्यावर तेथें ठेवितांच आला नसता.