कंकणाकृती प्रवर्तक : फेऱ्यांची गणना व हाताने गुंडाळणी

हौशी रेडिओ-प्रक्षेपणासाठी सुट्या भागांचे जे संच विकले जातात, त्यांत रोधक व धारित्रे तयार मिळतात. कंकणाकृती प्रवर्तक, म्हणजेच टोरॉइड, मात्र बहुधा संच घेणाऱ्यालाच गुंडाळावा लागतो. याचे कारण गाभ्याच्या आकारातच आहे. सरळ नळीवर तार चढवावयाची असल्यास नळी फिरविली की पुरते. कंकणाला टोक नसते. म्हणून प्रत्येक फेऱ्यास उरलेली सर्व तार छिद्रातून ओढून घ्यावी लागते. या कामाची यंत्रे आहेत, परंतु थोड्या संचांसाठी ती परवडत नाहीत.

एवढा खटाटोप करण्याचे प्रयोजन असे की, या आकारात चुंबकीय स्रोत जवळजवळ संपूर्णपणे गाभ्यातच वर्तुळाकार फिरतो. त्यामुळे शेजारच्या वेटोळ्यांशी नको असलेले युग्मन होत नाही व धातूच्या आवरणाची गरज सहसा भासत नाही.

प्रवर्तकता फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. टी-50-2 हा तांबड्या रंगाचा, लोहचूर्णाचा गाभा घेऊ. त्याचा बाह्य व्यास 12.7 मि.मी. व सापेक्ष पार्यता 10 असून एका फेऱ्यास 4.9 नॅनोहेन्री हा त्याचा स्थिरांक आहे. 17 फेऱ्यांस 4.9 × 289, म्हणजे सुमारे 1.42 मायक्रोहेन्री प्रवर्तकता मिळते. तिला 355 पिकोफॅरड धारित्र जोडल्यास 7.1 मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेस अनुस्पंदन होते. भारतात हौशी प्रक्षेपकांस दिलेला 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा येथेच येतो.

नवशिक्याची चूक बहुधा मोजणीत होते. तार छिद्रातून जितक्या वेळा जाते, तितके फेरे धरावयाचे. गाभ्यातून सरळ एकदाच ओवलेली तार हाही एक पूर्ण फेराच होय, कारण तिचा परिपथ बाहेरून पुरा होतोच. म्हणून अर्धा फेरा येथे संभवत नाही. पहिली ओवणी शून्य धरणाऱ्याच्या हातून 18 फेरे होतात. प्रवर्तकता 12 टक्क्यांनी वाढते व अनुस्पंदन 6.7 मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे पट्ट्याबाहेर, उतरते. प्रक्षेपकाच्या निम्नगामी गाळणीत हीच चूक प्रत्येक वेटोळ्यात झाली, तर गाळणीची सीमा खाली सरकून इष्ट संकेतच अडविला जाऊ शकतो, आणि परत फिरलेल्या शक्तीने अखेरचा ट्रॅन्झिस्टर तापतो. गाभ्याच्या स्थिरांकात मुळातच सुमारे 5 टक्के तफावत संभवते. एका फेऱ्याची चूक त्याच्या दुपटीहून मोठी असते.

गाभा ओळखणेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्याच मापाच्या, 43 क्रमांकाच्या फेराइटची पार्यता सुमारे 800, म्हणजे तांबड्या गाभ्याच्या ऐंशीपट असते. तो विस्तृत पट्ट्याच्या रोहित्रास योग्य, परंतु अनुस्पंदी परिपथास सर्वस्वी अयोग्य होय. याउलट, हैदराबादचे अशर फरहान यांच्या बिटएक्स-20 या रचनेत नळाच्या वायसरांवर वेटोळी गुंडाळण्याची सोय आहे. अशा अचुंबकीय गाभ्याची पार्यता 1 असल्याने, मापे तीच असता, तेवढ्याच प्रवर्तकतेस तिप्पटीहून थोडे अधिक फेरे लागतात.

वरील 17 फेऱ्यांसाठी 0.4 मि.मी. व्यासाची सुमारे 33 सें.मी. एनॅमल तार घ्यावी. प्रत्येक फेरा गाभ्यास घट्ट बसवावा, फेरे एकमेकांवर चढू देऊ नयेत, आणि दोन टोकांमध्ये परिघाचा सुमारे बारावा भाग मोकळा ठेवावा, म्हणजे वेटोळ्याची स्वतःची धारणा वाढत नाही. मोजणी आतील बाजूने करावी. टोकांवरील एनॅमल खरवडून कथिल चढवावे व जोड लागल्याची खात्री मापकाने करावी. बंद पडलेल्या संचात पुष्कळदा दोष याच ठिकाणी सापडतो.

अखेरीस ज्ञात धारित्र जोडून अनुस्पंदन मोजावे. फेरे जवळ सारल्यास प्रवर्तकता थोडी वाढते, पसरल्यास घटते. गाभ्यातील तफावत या उपायाने बहुधा भरून काढता येते. मोजणीत चुकलेला फेरा मात्र सोडवून पुन्हा गुंडाळावा लागतो.