जुनी स्पोर्ट्स कार : अस्सलपणाची पारख

जिच्या चॅसिसवरील व इंजिनावरील क्रमांक कारखान्याच्या मूळ दप्तराशी तंतोतंत जुळतात ती मोटार अस्सल, तिच्या नमुन्याबरहुकूम पुढे नव्याने घडविलेली ती प्रतिकृती. आणि चॅसिस मूळचे परंतु इंजिन परके, असा तिसराही एक प्रकार आहे, जो बाजारात सर्वांत फसवा. एमजी टीसी (१९४५–४९) असो वा जॅग्वार ई-टाइप (१९६१–७४), धातूत ठोकलेले आकडे प्रथम पाहावयाचे. रिव्हेटने बसविलेली पट्टी बदलता येते.

दप्तराचा उतारा : जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, एमजीसाठी गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम.

नोंदणी : अहिल्यानगर एमएच-१६, श्रीरामपूर एमएच-१७. ही मालिका १९८९च्या सुमाराची असल्याने १९५०च्या मोटारीवर ती आढळल्यास नोंदणी मागाहूनची समजावी. आयात मोटारीस सीमाशुल्क खात्याचे ‘बिल ऑफ एन्ट्री’ मागावे.

व्हिंटेज : २०२१च्या केंद्रीय नियमांन्वये, पन्नास वर्षांहून जुनी, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली बिगरव्यापारी दुचाकी वा चारचाकी. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व दुरुस्ती यांखेरीज रस्त्यावर नित्य वापरास मनाई.