आजीच्या गोष्टी प्रवासात काय करतात

स्थलांतराच्या बालकादंबरीत लोककथा घालायची म्हटलं की बऱ्याचदा असं होतं: प्रवास थांबतो, आजीची गोष्ट येते, ती संपली की प्रवास पुन्हा सुरू. गोष्ट गाळली तरी कथानकाचं काही बिघडत नाही. डॉना बार्बा हिगेरा यांच्या 'द लास्ट क्वेंटिस्टा'तून मात्र गोष्टी गाळता येत नाहीत. २०२२ चं न्यूबेरी पदक मिळवणाऱ्या या कादंबरीची वीण उलगडून पाहण्याजोगी आहे.

साल २०६१. हॅलेचा धूमकेतू मार्ग सोडून पृथ्वीवर आदळणार आहे. निवडक शास्त्रज्ञ आणि त्यांची कुटुंबं सागान ग्रहाकडे निघतात. प्रवास ३८० वर्षांचा, तोही झोपेत. न्यू मेक्सिकोतल्या पेत्राला आईवडील शास्त्रज्ञ म्हणून जागा मिळते. आजी, लिता, मागे राहते. यान बाजूला ठेवलं तर हे जुनंच देशांतर आहे: जो उपयोगाचा, त्यालाच जागा. पेत्राची नजर हळूहळू अधू होते आहे आणि तिला ते लपवावं लागतं. अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी जिथे होई त्या न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर डॉक्टर उतारूंच्या पापण्या उलटून खुपऱ्या शोधत, सापडल्या तर परत पाठवत. पेत्राच्या पोटातला गोळा तोच.

निघण्याआधी लिता तिला धूमकेतूचीच गोष्ट सांगते: तो अग्निसर्प आहे, आईकडे, म्हणजे पृथ्वीकडे, परत निघालेला. आजी संकट नाकारत नाही. नातीला सोबत नेता येईल असं रूप तेवढं त्याला देते. गोष्टीचं हे पहिलं काम.

दुसरं काम वाटेत निघतं. 'कलेक्टिव्ह' नावाचा गट यानाचा ताबा घेतो. भेद संपले की भांडणं संपतील, असं मानून ते झोपलेल्यांच्या आठवणी पुसतात. पेत्रा जागी होते ती 'झीटा-१' म्हणून, पण तिला सगळं आठवतं. मग ती इतर मुलांना चोरून ब्लांकाफ्लोरची गोष्ट सांगते: अशक्य कामं नेमून देणारा बाप आणि त्याच्या तावडीतून राजपुत्राला सोडवणारी मुलगी. ऐकणारी मुलं स्वतः कैदी आहेत, हे त्यांना अजून कळलेलं नाही. लेखिकेनं हीच कथा निवडली ती त्यामुळे, असं मला वाटतं.

लिताची शिकवण अशी, की गोष्ट घ्यावी आणि आपली करावी. म्हणून पेत्रा आजीचे शब्द घोकत नाही, समोरच्या मुलांकडे बघून गोष्ट वळवते. लोककथा खरोखर अशीच देशोदेशी पोचते, आणि इथे ते समजावून न सांगता घडताना दिसतं. मला या कादंबरीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

यात एक खरं पुस्तकही आहे. पेत्राच्या धाकट्या भावाचं, हावियेरचं, लाडकं 'ड्रीमर्स': तान्ह्या मुलाला घेऊन मेक्सिकोहून अमेरिकेत आलेल्या युयी मोरालेस यांनी स्वानुभवावर केलेलं चित्रपुस्तक. कथानकातला एक मोठा उलगडा त्यावरच अवलंबून आहे, म्हणून पुढचं सांगत नाही.