सागरातले शिकारी (भाग 7) : सुरमई

गेल्या आठवड्यात आपण बांगडा पाहिला. तोंड उघडं ठेवून पोहायचं आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खायचे, असं त्याचं जगणं. सुरमई त्याच्याच कुळातली, पण ती पक्की शिकारी. अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत तिची पिल्लं इतर माशांच्या पिल्लांवर तुटून पडतात.

बेंगळुरूतल्या मराठी घरांना ती शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात ‘अंजल’ या नावाने मिळते. मंगळूर, माल्पेच्या बंदरांतून बर्फात घालून, घाट चढून आलेली असते. बहुतेक जण थेट तुकड्या मागतात. एकदा मासेवाल्याला अख्खा मासा दाखवायला सांगा. पाठीवरचा पहिला पर बोटाने मिटवून पाहा. तो पाठीच्या खाचेत असा बसतो की वर काही उरतच नाही. मागच्या परांपासून शेपटीपर्यंत वर-खाली छोट्या परांची रांग आहे. शेपटीच्या बुडाशी प्रत्येक बाजूला तीन कंगोरे हाताला लागतात, मधला मोठा. शेपूट चंद्रकोरीसारखी आणि टणक. अंगावर उभे, नागमोडी पट्टे. (पट्ट्यांऐवजी ठिपके असतील तर ती सुरमईची दुसरी जात.)

आता तुकडी बघा. दोन्ही बाजूंना, कातडीला लागून, तपकिरी-तांबड्या मांसाचा पट्टा दिसेल. चव उग्र म्हणून मुलं तो ताटात काढून ठेवतात. सुरमई दिवसरात्र पोहते ती या मांसाच्या जोरावर. त्याला रक्तपुरवठा भरपूर, प्राणवायू साठवायची सोय, त्यामुळे ते दमत नाही. बाकीचं पांढरं मांस, जे आपण आवडीने खातो, ते फक्त झडप घालताना कामाला येतं. जोर प्रचंड, पण लगेच थकणारं. शिकार आणि प्रवास यांची ही वाटणी इतकी स्पष्ट दाखवणारा दुसरा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात नसेल.

तिला थांबणं परवडत नाही, याला कारण आहे. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या आधाराने ते पाण्यात स्थिर राहू शकतात. सुरमईला ती नाही. पोहणं थांबलं की ती खाली जाऊ लागते. पण याच उणिवेमुळे ती झपाट्याने वर-खाली जाऊ शकते. पिशवीतल्या हवेचा दाब सांभाळायचं लोढणं तिच्या मागे नाही.

वेगाबद्दल मात्र आपल्याकडे आणि जगभर बरीच अतिशयोक्ती चालते. सेलफिश हा मासा ताशी 110 किलोमीटरने पोहतो, असं कित्येक पुस्तकांत छापलेलं असतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्नायू आकुंचन पावायला किती वेळ लागतो हे मोजून हिशेब मांडला, तर सेलफिशचा वेग निघाला ताशी 30 किलोमीटरच्या आसपास. सुरमईच्या कुळातल्या एका लहान टुनाचा निघाला 20. मला हे आकडे जास्त थक्क करणारे वाटतात. हवेच्या शेकडो पट दाट असलेलं पाणी कापत हा वेग गाठायचा आहे! आणि बोटभर मांदेलीला किंवा तारलीला तो पुरून उरतो. सुरमई थव्यात घुसते, कधी शिकारीच्या भरात पाण्याबाहेर उसळी मारते. तिचे दात चपटे, त्रिकोणी, सुरीसारखे. भक्ष्याचे सरळ तुकडे पडतात.

सुरमई वीस वर्षांहून अधिक जगू शकते, वाढली तर माणसाहून लांब होते. आपल्या किनाऱ्यावर साधारण 70 सेंटिमीटर, म्हणजे दीड हात, झाल्यावर तिची मादी अंडी घालण्याजोगी होते. बाजारात मात्र हातभर लांबीच्या सुरमया ढिगाने दिसतात. कर्नाटकात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तशी ती महाराष्ट्रातही पाळली जाते. ही बंदी हवीच, पण ती काळाला लगाम घालते, आकाराला नाही. उरलेले दहा महिने लहान सुरमई जाळ्यात येतच राहते, आणि गिऱ्हाईक आहे म्हणून विकलीही जाते. तेव्हा पुढच्या वेळी मासा कापायच्या आधी अख्खा बघा, आणि दीड हाताहून लहान असेल तर घेऊ नका.