तांब्यामागचा गंधक

तांब्याच्या कारखान्यात वजनाने सर्वांत जास्त तयार होतं ते तांबं नव्हे, गंधकाम्ल. चाल्कोपायराइट या तांब्याच्या मुख्य खनिजात तांबं आणि गंधक वजनाने जवळपास सारखेच असतात. भट्टीत गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. तो धुराड्यातून गावावर सोडायचा नसेल, तर अडवून त्याचं आम्ल करावं लागतं. टनभर तांब्यामागे सुमारे तीन टन! वर दोनेक टन धातुमळी, आणि खनिजासोबत आलेल्या आर्सेनिकचा बंदोबस्त वेगळाच.

रत्नागिरीकरांना हे रसायनशास्त्र शिकवावं लागलं नाही. स्टरलाइट कंपनीचा तांब्याचा कारखाना आधी तिथे यायचा होता. जमीन मिळाली, बांधकामही सुरू झालं. पण हापूसचा मोहोर नुसत्या धुक्याने काळवंडतो, तो गंधकाच्या धुरात काय तग धरणार? बागायतदार पेटून उठले आणि १९९३मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवायला लावलं. कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला, मन्नारच्या आखातापाशी जाऊन उभा राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये त्याला प्रदूषणाबद्दल १०० कोटींची भरपाई भरायला लावली, पण टाळं ठोकलं नाही. वीज, संरक्षण, वाहनउद्योग यांना तांबं लागतं, हाही विचार त्या निकालात होता. २२ मे २०१८ रोजी, कारखान्याविरुद्धच्या आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १३ माणसं गेली. आठवड्याच्या आत राज्य सरकारने कारखाना बंद केला. वर्षाला ४ लाख टनांची क्षमता गेली आणि शुद्ध तांबं निर्यात करणारा देश ते आयात करू लागला. फेब्रुवारी २०२४मध्ये या बंदीविरुद्धची कंपनीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. पुढच्याच महिन्यात मुंद्र्याला दुसऱ्या उद्योगसमूहाचा ५ लाख टनांचा कारखाना सुरू झाला.

रत्नागिरीचं चुकलं, असं मी मुळीच म्हणणार नाही. मात्र आपण भट्टी नाकारली, तांबं नाही. भिंतीतली वायर, विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग, डीपीतला ट्रान्सफॉर्मर... चांदी सोडली तर वीज इतक्या सहज वाहून नेणारा दुसरा धातू नाही. विजेवर चालणाऱ्या एका मोटारगाडीत तर ८० किलोच्या आसपास तांबं जातं, पेट्रोलच्या गाडीच्या तिप्पट-चौपट.

आणि ते येतं कुठून? गोंदियाच्या हद्दीपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची मोठी खाण आहे; शंभर किलो दगडात तांबं जेमतेम किलोभर. बाकीचा दळलेला चिखल बंधाऱ्यामागे साठवून ठेवायचा, पिढ्यान्‌पिढ्या. आपल्या भट्ट्यांना लागणारं बहुतेक खनिज मात्र परदेशातूनच येतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटातली एस्कोंदिदा खाण वर्षानुवर्षं भूजल उपसत होती. आता समुद्राचं पाणी गोडं करून सुमारे ३,००० मीटर उंचीवर चढवावं लागतं.

तांब्याचा एक गुण मात्र आपल्या आज्यांना पक्का ठाऊक होता: ते कितीही वेळा वितळवा, कस जात नाही. पेशवाईत वसलेल्या पुण्याच्या तांबट आळीत अजून मठारकाम चालतं. हातोडीच्या ठोक्यागणिक पत्रा कठीण होतो, वर ती ठिपक्यांची चकाकीही येते. अशा घडवलेल्या बंबाचं बूड गेलं तरी मोडीला वजनावर भाव मिळायचा.

आजची मोड म्हणजे भंगारातली वायर. ती सोलायला वेळ लागतो, जाळायला काडीपेटी पुरते. म्हणून शहरांच्या कडेला पीव्हीसीचा काळा धूर निघतो, त्यात डायॉक्सिन असतात, आणि तो आधी जातो जाळणाऱ्याच्याच छातीत. वायर सोलायचं हाताने फिरवायचं यंत्र काही फार महाग नसतं. खनिजाच्या आयातीवर बैठका घेणाऱ्यांनी ते आधी या भंगारवाल्यांच्या हातात द्यावं.