ओट्यावरचा लिंबाचा डाग

कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला, की तिथे पांढुरका ठिपका उमटतो. कितीही घासला तरी तो निघत नाही. निघणार कसा? तिथला दगडच थोडासा विरघळलेला असतो. कडप्पा हा चुनखडक आहे. अंगणातली शहाबादी, जिन्यावरचा कोटा, तांदूरची फरशी, हीसुद्धा चुनखडकाचीच. चुनखडकात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. आम्ल लागले की ते विरघळते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात.

चुनखडक ओळखायची खूण हीच. फरशीचा तुटका तुकडा घ्या, खिळ्याने खरवडा आणि पडलेल्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब सोडा. बारीक फेस येईल. आपला काळा बेसाल्ट असा फसफसत नाही; त्याच्या पोकळीत कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूपातले कॅल्शियम कार्बोनेट, साचलेले असेल, तर तेवढाच भाग फसफसतो.

शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, वाडी जंक्शनजवळ. भीमेकाठच्या या प्रदेशात 54 कोटी वर्षांहूनही आधी उथळ समुद्र होता. चुनखडक म्हणजे शंखशिंपल्यांचा चुरा, असे आपण शाळेत शिकतो. पुष्कळ चुनखडकांबाबत ते खरेही आहे. पण शहाबादीत शिंपले शोधू नका. हा खडक कवचधारी प्राण्यांची रेलचेल होण्याआधीचा. समुद्राच्या पाण्यातला चुना बारीक कणांच्या रूपात तळाशी बसत गेला आणि त्या गाळाचा दगड झाला. मधूनमधून चिकणमातीचे पातळ थर आले. खाणीत पहार लावली की दगड याच थरांवर सुटतो. शहाबादीला सपाटपणा यंत्राने दिलेला नाही, तो समुद्रतळाचा आहे. मला या दगडाचे सर्वांत अप्रूप वाटते ते यासाठी.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत आला आणि या खडकाचा पश्चिमेकडचा भाग बेसाल्टखाली गाडला गेला. म्हणून सोलापूरकडून वाडीला जाताना काळा दगड मागे पडतो आणि करड्या थरांच्या खाणी दिसू लागतात. सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडकच, त्यामुळे वाडीला सिमेंटचे कारखाने आले. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर परिसरातही तेच घडले.

घरात शहाबादी, कोटा किंवा कडप्पा असेल, तर तो संडास साफ करायच्या अ‍ॅसिडने कधीही धुऊ नका. मळ जाईल, पण त्याबरोबर दगडही झिजेल. साबणाचे पाणी पुरते.